व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स: मॅड फॉरेस्टमध्ये 17-18 मिनिटांपुढे रन जातच नाही

काजवा_07:

मंडळी, व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स या राक्षसांच्या झुंडीत तग धरायच्या व्हिडिओ गेममध्ये मॅड फॉरेस्ट स्टेजची 30 मिनिटं काही केल्या पुरी होत नाहीयेत. कॅरेक्टर अँटोनिओ. पहिली 10 मिनिटं आरामात जातात, 14 नंतर गर्दी मरायचं नाव घेत नाही आणि 17-18 च्या आसपास चारी बाजूंनी कोंडी होऊन खेळ खल्लास. शेवटच्या रनचा (डावाचा) हिशोब खाली देतो, म्हणजे नेमकं बोट ठेवता येईल.

वेळ 17:32, लेव्हल 38.
शस्त्रं: व्हिप 5, गार्लिक 6, नाइफ 4, ॲक्स 3, फायर वाँड 4, लायटनिंग रिंग 3.
पॅसिव्ह (स्वतः न मारता ताकद वाढवणाऱ्या वस्तू): स्पिनॅच 3, क्राउन 2, अट्रॅक्टॉर्ब 3, विंग्ज 2, क्लोव्हर 3, पुमरोला 4.
चेस्ट (बॉस मेल्यावर पडणाऱ्या पेट्या) 4 मिळाले. इव्होल्यूशन (पूर्ण वाढलेल्या शस्त्राचं जास्त ताकदीचं रूप) एकही नाही.
दुकानातले पॉवर-अप (सोनं देऊन घेतलेल्या, प्रत्येक रनला लागू होणाऱ्या वाढी): माइट 3, आर्मर 1, मॅग्नेट 2, ग्रीड 2. शिल्लक सोनं 2,500 च्या आसपास.

शस्त्रांची निवड चुकतेय की फिरायची पद्धत? आणि गार्लिक ठेवावं की काढावं?

———

जुना_पत्ता:

हिशोब दिलास ते बरं केलंस, उत्तर त्यातच आहे.

लेव्हल 38 म्हणजे 37 लेव्हल-अप. चेस्टमधून आणखी 4. एकूण 41 वाढी तुझ्या हातात होत्या. व्हिप सुरुवातीलाच 1 वर असतो, म्हणजे त्यात 4 गेल्या. बाकी पाच शस्त्रांत 20 आणि पॅसिव्हमध्ये 17. बेरीज बरोबर 41. आता बघ, या 41 पैकी एकही शस्त्र 8 वर नाही. बारा जागी चिमूट-चिमूट टाकलंस.

आता याच 41 दुसऱ्या पद्धतीनं खर्च करून बघू. इव्होल्यूशनला शस्त्र लागतं 8 वर, पण जोडीचं पॅसिव्ह नुसतं हातात असलं तरी चालतं, 1 वर पुरे. म्हणजे:

व्हिप 1 चा 8 करायला 7, हॉलो हार्ट 1. झाले 8.
गार्लिक 8, पुमरोला 1. एकूण 17.
फायर वाँड 8, स्पिनॅच 1. एकूण 26.
किंग बायबल 8, स्पेलबाइंडर 1. एकूण 35.

चार इव्होल्यूशनची तयारी झाली आणि अजून 6 वाढी उरल्या. त्या स्पिनॅच नाहीतर आर्मरवर टाक. लेव्हल तीच, पण नुकसान करायची ताकद कितीतरी पट. सगळं पूर्ण भरायचं म्हटलं तर शस्त्रांना 47 आणि पॅसिव्हना जवळजवळ 30 वाढी लागतात, त्यामुळे सगळं थोडं-थोडं वाढवत नेलं तर ते पिकेपर्यंत रन संपलेला असतो.

दुसरी चूक जोड्यांची. तुझ्या सहा शस्त्रांपैकी जोडीदार होता फक्त दोघांचा: गार्लिक-पुमरोला आणि फायर वाँड-स्पिनॅच. व्हिपला हॉलो हार्ट हवं, नाइफला ब्रेसर, ॲक्सला कँडेलाब्राडॉर, लायटनिंग रिंगला डुप्लिकेटर. म्हणजे ही चार शस्त्रं 8 वर नेली असती तरी तिथंच अडकली असती. नवीन शस्त्र घेताना आधी विचारायचं, याचा जोडीदार माझ्याकडे आहे का, किंवा त्याला जागा आहे का. जोड्या तोंडपाठ करायच्या नसतील तर इनलेड लायब्ररीत पडलेलं ग्रिम ग्रिमॉयर उचल, मग पॉझ केल्यावर यादी समोर दिसते. मॅड फॉरेस्टमध्ये लेव्हल 20 गाठली की लायब्ररी उघडते, म्हणजे तुझी उघडलेली असणारच.

तिसरी गोष्ट चेस्टची. चेस्ट तुझ्याकडे असलेल्याच वस्तू वाढवतो. बारा वस्तू असतील तर तो कुठंही जाऊ शकतो, क्लोव्हरलासुद्धा. सुरुवातीची 8-9 मिनिटं तीन शस्त्रं आणि दोन-तीन पॅसिव्हवर थांबलास तर चेस्टची वाढ आपोआप कामाच्या जागी पडते. नको ती वस्तू सारखी समोर येत असेल तर बॅनिश वापर, त्या रनपुरती ती यादीतून बाद होते.

दुकानाचं सांगतो. रिफंड दाबला की सगळं सोनं परत मिळतं, कपात काही नाही, तेव्हा बिनधास्त मोडून परत मांड. ग्रीड (जास्त सोनं) आणि मॅग्नेट (लांबून वस्तू उचलणं) आत्ता सोड. मूळ भाव माइटचा (माऱ्याची ताकद) 200, आर्मरचा 600, कूलडाउन (दोन माऱ्यांमधला वेळ कमी) आणि ग्रोथचा (लेव्हल लवकर वाढणं) 900. प्रत्येक खरेदीनंतर पुढचे भाव चढतात हे धरून चाल. आधी आर्मरच्या तिन्ही पायऱ्या बघ, मग माइट. अमाउंट 5,000 पासून सुरू होतं, पण त्या एका पायरीनं जवळजवळ प्रत्येक शस्त्र एक जास्तीचा मारा करतं, म्हणून पुढची बचत त्याच्यासाठी.

———

वटवाघूळ_नको:

वरचं सगळं बरोबर, फक्त एक भर. तुझी शस्त्रं कुठल्या दिशेला मारतात ते बघ.

व्हिप आडवा मारतो, डावी-उजवीकडे. वर-खाली काही नाही. तू वरच्या दिशेला पळत असशील आणि झुंड खालून मागे लागली असेल तर व्हिप हवेत फिरतोय. नाइफ तोंड असेल तिकडे जातो, म्हणजे पळताना पाठीमागच्यांना तो लागतच नाही. ॲक्स वर उडून खाली येतो. फायर वाँड आणि लायटनिंग रिंग कुणा एकावर अंदाधुंद पडतात, तुझ्या नाकासमोरच्यावर पडतील याची खात्री नाही. म्हणजे सहा शस्त्रं असून अंगाजवळच्या कड्याची राखण एकटं गार्लिक करतंय, तेही 6 वरचं.

म्हणून किंवा बायबल हवं किंवा सांता वॉटर. बायबलची पुस्तकं तुझ्याभोवती फिरतात, मग काही वेळ गायब होतात, आणि त्या रिकाम्या वेळात माणूस मरतो. स्पेलबाइंडरनं फिरण्याचा वेळ वाढतो, एम्प्टी टोमनं रिकामा वेळ घटतो. इव्होल्यूशन होऊन अनहोली व्हेस्पर्स झालं की ती थांबतच नाहीत. सांता वॉटरचं अट्रॅक्टॉर्बबरोबर ला बोरा होतं, त्याची डबकी तुझ्यामागे सरकत येतात. अट्रॅक्टॉर्ब तू घेतलाच होतास, सांता वॉटर मात्र नाही. तिथं एक इव्होल्यूशन फुकट गेलं.

फिरण्याबद्दल: सरळ रेषेत पळू नकोस. फार मागे राहिलेले राक्षस खेळ उचलून पुन्हा तुझ्या आसपास आणून सोडतो, त्यामुळे पळून सुटका नाही, उलट मारलेल्यांचे जेम, म्हणजे लेव्हल वाढवणारं एक्सपी देणारे खडे, मागे राहतात. मोठं वर्तुळ घे. झुंडीला कवेत घेतल्यासारखं फिरायचं, ती आत गोळा होते, मग कडेकडेनं खात आत शिरायचं आणि जेम उचलत बाहेर पडायचं. व्हिप असेल तर वर्तुळ आडवं चपटं ठेव, म्हणजे गर्दी बहुतेक वेळ डाव्या-उजव्या अंगाला राहते.

फुलांसारख्या राक्षसांचं कडं तुझ्याभोवती पडलं की घाबरून मध्यभागी उभं राहायचं नाही. डावी नाहीतर उजवी कड धर, तिला चिकटून एकाच जागी मारा कर. वरची किंवा खालची कड व्हिपनं फुटत नाही.

———

खडूस_कवटी:

गार्लिकबद्दल मत वेगळं आहे. नवीन खेळाडूंना ते पहिल्या पाच मिनिटांत इतकं सुख देतं की पुढचा धोका दिसत नाही. मूळ मारा 5 चा. वटवाघळं पटापट मरतात, पण 12 मिनिटांनंतरच्या राक्षसांना त्याचं काही वाटत नाही. शिवाय डुप्लिकेटर किंवा अमाउंटचा गार्लिकवर शून्य परिणाम. त्याला माइट, एरिया आणि कूलडाउन एवढंच लागू पडतं.

तरीही काढून टाक असं म्हणणार नाही. गार्लिकचा ज्याला स्पर्श होतो त्याची मागे ढकललं जाण्याला असलेली रोधकता कमी होते. म्हणजे बाकीच्या शस्त्रांचा धक्का त्याला जास्त बसतो. मारण्यापेक्षा ढकलून ठेवणं हे त्याचं खरं काम. ठेवायचं तर 8 वर ने आणि त्याचं इव्होल्यूशन, सोल ईटर, कर, नाहीतर घेऊच नकोस. 6 वर अडकलेलं गार्लिक म्हणजे जागा अडवून बसलेला पाहुणा.

पुमरोला 4 मात्र पटलं नाही. एका पायरीला सेकंदाला 0.2 एचपी (जीव) परत मिळतो, म्हणजे 4 वर 0.8. आर्मरची एक पायरी प्रत्येक फटक्यातून 1 वजा करते. समजा 10 चा फटका सेकंदाला पाच वेळा बसतोय: तुझ्या पुमरोलानं 50 पैकी 0.8 भरून निघतात, आर्मर 4 नं 20 वाचतात. झुंडीत फटके बारीक पण पुष्कळ असतात, तिथं आर्मरसारखं दुसरं काही नाही. पुमरोला सोल ईटरसाठी 1 वर ठेव आणि विसरून जा. आर्मरबरोबर रूनट्रेसर हे शस्त्रही जमतं, त्याचं नो फ्युचर होतं.

———

आकडेमोड_बाई:

"14 नंतर गर्दी मरायचं नाव घेत नाही" याचं कारण सांगते, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप जुळतं.

खेळ दर मिनिटाला लाट बदलतो. प्रत्येक लाटेला एक किमान संख्या आणि एक अंतर ठरलेलं असतं. अंतर पुरं झालं की खेळ मोजतो: जिवंत राक्षस किमान संख्येपेक्षा कमी असतील तर तो खड्डा भरून काढतो, जास्त असतील तर त्या लाटेतल्या प्रत्येक जातीचा एकेकच नवीन सोडतो. एकूण 300 जिवंत झाले की साधे राक्षस येणं थांबतं, बॉस तेवढे येत राहतात.

म्हणजे जो भराभर मारतो त्याला भरपूर नवे राक्षस मिळतात, भरपूर एक्सपी, भरपूर लेव्हल. जो हळू मारतो त्याच्याकडे मागच्या लाटेतलं न मेलेलं लटांबर साचतं, नवीन थोडेच येतात, एक्सपी आटतं. 17:32 ला लेव्हल 38 हे त्याचंच लक्षण. जिवंत गर्दी जितकी मोठी तितकी तुझी वाढ मंद, आणि वाढ मंद म्हणून गर्दी मोठी. हे चक्र 10 ते 13 मिनिटांच्या टप्प्यात फुटलं नाही तर पुढे फुटणं कठीण. म्हणून पहिलं इव्होल्यूशन 11-12 च्या आत हवं.

लेव्हलचं गणितही थोडं बघ. दुसऱ्या लेव्हलला 5 एक्सपी, त्यानंतर 20 पर्यंत दर लेव्हलला 10 ची चढ, मग 13 ची, 40 च्या पुढे 16 ची. शिवाय 20 वरून 21 ला जाताना 600 जादा आणि 40 वरून 41 ला 2,400 जादा. या दोन्ही ठिकाणी ग्रोथ तात्पुरती दुप्पट मिळते, तरी थांबल्यासारखं वाटतंच. 20 वर अडकलास म्हणून गोंधळून नवं शस्त्र शोधायला जाऊ नकोस, तिथं फक्त जेम उचलत राहायचं.

आणि जमिनीवर 400 जेम झाले की पुढच्या सगळ्यांचं एक्सपी एकाच लाल जेममध्ये साठायला लागतं. ते वाया जात नाही, पण उचललं नाही तर उपयोगही नाही. व्हॅक्यूम (सगळे जेम एकदम ओढून घेणारी वस्तू) दिसला तर वाटच वाकडी कर.

———

काजवा_07:

हिशोब बघून डोळे उघडले. क्लोव्हर घेतल्याचं आता खरंच वाईट वाटतंय :)

दोन शंका. एक: नव्या रनमध्ये 9:40 च्या सुमारास बॉस मेला, चेस्ट तसाच ठेवला आणि व्हिप 8 करून, हॉलो हार्ट घेऊन 11 नंतर उचलला. तरी इव्होल्यूशन झालं नाही, नुसती एक वाढ मिळाली. असं का? दोन: 15 नंतर गर्दीत फ्रेम इतक्या पडतात, म्हणजे चित्र इतकं अडखळतं, की कुठून मार बसतोय तेच कळत नाही.

———

जुना_पत्ता:

इव्होल्यूशन देण्याचा गुण चेस्टचा असतो, तुझ्या उचलण्याच्या वेळेचा नाही. साधारणपणे 10 मिनिटांनंतर येणाऱ्या बॉसच्या चेस्टमध्येच तो असतो. 9:40 चा चेस्ट दुपारपर्यंत ठेवलास तरी तो तसाच राहणार. तेव्हा 10 च्या आधीचे चेस्ट लगेच उचल, वाढ तरी लवकर मिळते. 10 नंतरच्या चेस्टला मात्र तुझी युक्ती बरोबर लागू पडते: शस्त्र 7 वर असेल तर चेस्ट पडू दे, आजूबाजूला फिरून एक लेव्हल काढ, 8 कर आणि मग उचल. फक्त फार लांब जाऊ नकोस, जंगल सगळीकडे सारखंच दिसतं.

जोडीदार नसताना 8 चं शस्त्र घेऊन चेस्ट उघडणं ही सर्वांत महागडी चूक. इव्होल्यूशन देणारे चेस्ट मोजकेच असतात.

आता क्लोव्हरचं. मॅड फॉरेस्टमध्ये काही पॅसिव्ह जमिनीवर पडलेलेच असतात: स्पिनॅच, क्लोव्हर, हॉलो हार्ट, पुमरोला आणि स्कल ओ'मॅनिअक. डेअरी प्लँटमधला मिल्की वे मॅप मिळाला की ते नकाशावर दिसतात. गंमत अशी की सहाही जागा भरलेल्या असताना जमिनीवरचं पॅसिव्ह उचललं तर ते सातवं म्हणून मिळतं. मर्यादा फक्त लेव्हल-अपच्या निवडीला आहे. म्हणून या जंगलात जागा भराव्यात त्या जमिनीवर न मिळणाऱ्यांनी: आर्मर, स्पेलबाइंडर, एम्प्टी टोम, डुप्लिकेटर, कँडेलाब्राडॉर, अट्रॅक्टॉर्ब. सहा झाले की मग हॉलो हार्ट आणि स्पिनॅच गोळा करायला निघायचं. आधी उचललं तर ते जागा खातं, क्रम उलटा करू नकोस.

त्यातलं स्कल ओ'मॅनिअक सध्या चुकवून जा. त्यानं कर्स 10% वाढतो: राक्षस जास्त, चपळ आणि चिवट. जमलेल्या बिल्डला (शस्त्रं-पॅसिव्हच्या संचाला) ते एक्सपीची खाण आहे, तुला सध्या फास.

———

वटवाघूळ_नको:

फ्रेमचं: सेटिंगमध्ये डॅमेज नंबर बंद कर, फ्लॅशिंग इफेक्ट्सही बंद. शेकडो आकडे सेकंदाला उडताना स्क्रीन झाकली जाते, आणि मार कुठून बसतोय ते न दिसण्याचं निम्मं कारण ते आकडेच असतात. हा खेळ 2021 मध्ये अर्ली ॲक्सेसला, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच, आला तेव्हा फेझरवर, म्हणजे ब्राउझरच्या तंत्रावर चालायचा, 2023 मध्ये स्टीमवर युनिटी या गेम इंजिनवर नेला. जुनी आवृत्ती पडून असेल तर आधी अपडेट कर, गर्दीतला फरक लगेच दिसतो.

———

काजवा_07:

समजलं. म्हणजे व्हिप, बायबल, सांता वॉटर या तिघांवर पहिली 10 मिनिटं. शेवटचं एक विचारतो: 30:00 ला जो येतो त्याच्याशी लढायचं की पळायचं?

———

खडूस_कवटी:

व्हिप आधी 8 वर, तिघं बरोबरीनं नको. 17 वाढींत दोन जोड्या होतात, म्हणजे लेव्हल 18. 10 मिनिटांच्या चेस्टच्या आधी तेवढं सहज जमतं.

30:00 ला बाकीचे राक्षस साफ होतात आणि रीपर येतो. त्याचा एचपी 6,55,350 गुणिले तुझी लेव्हल. तू 70 वर असशील तर 4,58,74,500. त्याचा एक फटका 65,535 चा. आणि मारला तर पुढच्या मिनिटाला दुसरा हजर. त्याला मारायचे मार्ग आहेत, इन्फिनिट कॉरिडॉर हे इव्होल्यूशन शत्रूंचा एचपी निम्मा-निम्मा करत जातं, पण त्यासाठी लागणाऱ्या अंगठ्या मिळेपर्यंत तुला बरीच मजल मारायची आहे. तोवर घड्याळात 30:00 दिसलं की स्टेज पूर्ण म्हणून धरलं जातं. मग रीपरनं मारलं तरी सोनं आणि अनलॉक तुझेच.